लॅटियमचा स्थळकोश : प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

काम थोडक्यात असं: रोमच्या आसपासच्या जुन्या लॅटियम प्रदेशातली, लॅटिन साहित्यात ज्यांची नावं येतात ती गावं गोळा करायची. कोणत्या लेखकानं, कोणत्या ग्रंथात, कितव्या ओळीत आणि काय म्हणून नाव घेतलंय ते मराठीत टिपायचं. मग सगळं एका नकाशावर बसवायचं. नकाशा सहकारी बघणार, मजकूर माझ्याकडे.

सुरुवात रोमन महाकवी व्हर्जिलपासून. त्याच्या 'ईनीड' या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात मेलेला अँकायसिस पाताळात भेटायला आलेल्या मुलाला, म्हणजे नायक ईनिअसला, पुढे जन्म घेणारे वंशज दाखवतो, आणि ते कोणती गावं वसवतील ते सांगतो. ओळी ७७३ ते ७७६. नोमेंटुम, गाबिई, फिदेना, कोलातिआचे गड, पोमेतिई, कास्त्रुम इनुई, बोला, कोरा. एकूण आठ. आणि शेवटची ओळ साधारण अशी: तेव्हा ही नावं असतील, आज ही बिननावाची जमीन आहे.

ईनिअसच्या काळी ही गावं वसायची आहेत. व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये गेला, आणि त्याच्या हयातीत यातल्या बऱ्याच गावांना उतरती कळा लागली होती. म्हणजे बाप मुलाला जे भविष्य सांगतो, ते ऐकणाऱ्या रोमन माणसाच्या लेखी होऊन गेलेलं असतं. पहिल्या खेपेला हीच आठ नावं घ्यायची, बाकीची यांच्या मागून येतील.

तक्त्याचे रकाने तूर्त असे: लॅटिन नाव, देवनागरी रूप, आजचं ठिकाण, अक्षांश-रेखांश, उल्लेख, स्थिती. स्थितीसाठी चार पर्याय: नांदतं, उतरतं, ओसाड, नामशेष.

९ जानेवारी

दिवस शोधाशोधीत गेला. पर्सिअसच्या संगणकीय संग्रहात मजकूर आयता मिळतो, पण लॅटिन नावं विभक्तीप्रमाणे रूप बदलतात. 'गाबिई' अनेकवचनी, ते कधी गाबिओस, कधी गाबिईस, कधी गाबिओरुम. नुसतं 'गाबि' टाकलं की गाबिनिउस नावाचा राजकारणी धावून येतो. हा इ.स.पू. ५८ चा कॉन्सुल (रोमचा सर्वोच्च अधिकारी), प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचा हाडवैरी, त्यामुळे सिसेरोच्या भाषणांत त्याला पानोपानी शिव्या आहेत. त्या सगळ्या हातानं वगळाव्या लागल्या.

कोरानं तर फेस आणला. त्याचं द्वितीयेचं रूप 'कोराम', आणि 'कोराम' म्हणजेच 'समोर, देखत' असा एक अगदी रोजच्या वापरातला लॅटिन शब्द. तिथे यंत्राचं काही चालत नाही, ओळ वाचूनच ठरवावं लागतं. बोलाचं मात्र लॅटिनमध्ये कुणाशी भांडण नाही. ते देवनागरीत आलं की होतं. तक्ता उघडल्या उघडल्या सहकारी म्हणाली, "बोला? काय बोलू?"

देवनागरीचं धोरण: लेखकांची नावं मराठी वाचकाला माहीत आहेत तशीच, म्हणजे व्हर्जिल, होरेस, प्लिनी, लिव्ही. गावं मात्र लॅटिन उच्चाराला धरून: फिदेनाय, उलुब्राय, अँटेम्नाय. व्हर्जिलनं एकवचनी 'फिदेना' केलंय, ते फिदेनायच्याच नोंदीत जाईल. क्रुस्तुमेरिउम हे नाव षट्पदी वृत्तात बसतच नाही, कारण मधे सलग तीन लघू येतात. म्हणून व्हर्जिल सातव्या सर्गात 'क्रुस्तुमेरी' म्हणून वेळ मारून नेतो. अशा वृत्तासाठी वाकवलेल्या रूपांना वेगळी खूण करायची.

१४ जानेवारी

गाबिई. हे एकच गाव सगळा आठवडा खाणार असं दिसतंय.

जागा नक्की आहे: रोमच्या पूर्वेला सुमारे १८ किलोमीटर, प्रेनेस्तेला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, निम्म्या वाटेत. शेजारी विवरात साचलेलं कास्तिल्योनेचं तळं होतं, ते एकोणिसाव्या शतकात कोरडं केलं. १७९२ मध्ये गॅविन हॅमिल्टननं बोर्गेझे घराण्यासाठी इथे खणून पुतळे काढले. पुढे नेपोलियननं ते विकत घेतले आणि ते लूव्रमध्ये गेले. अलीकडचं पद्धतशीर उत्खनन मिशिगन विद्यापीठाचं.

इतिहासकार लिव्हीच्या पहिल्या पुस्तकात गाबिई म्हणजे तालेवार शहर. रोमच्या राजाला ते लढून घेता येत नाही, म्हणून त्याचा मुलगा सेक्स्तुस टार्क्विनिउस बापानं छळल्याचं सोंग करून गावात शिरतो आणि सगळ्यांचा विश्वास कमावतो. पुढे काय करू, हे विचारायला तो बापाकडे माणूस धाडतो. राजा उत्तर देत नाही. बागेत फेऱ्या मारता मारता हातातल्या काठीनं खसखशीची उंच उंच बोंडं तेवढी उडवत राहतो. निरोप्या कंटाळून परत येतो आणि पाहिलं तसं सांगतो. मुलाला कळायचं ते कळतं. गावातली बडी माणसं एकेक करून संपतात आणि गाबिई न लढता रोमच्या हाती जातं.

आता पुढच्या लेखकांचं ऐकू. सिसेरो इ.स.पू. ५४ मध्ये प्लांकिउसच्या बचावाच्या भाषणात म्हणतो की लाबिकुम, गाबिई, बोविल्लाय या गावांतून लॅटिन सणाचं मांस न्यायलासुद्धा माणूस सापडणं मुश्कील. कवी प्रॉपर्शिअस: आज जे कुणीच नाहीत ते गाबिईकर तेव्हा केवढा मोठा जमाव होता. कवी होरेसला आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचं लेबेदुस किती भकास आहे ते सांगायचंय, तर माप कशाचं? 'गाबिई आणि फिदेनायपेक्षाही ओसाड खेडं.' उपहासकवी जुव्हेनल तेच दोन्ही नावं घेतो. पडकी, क्षुद्र गावं म्हटलं की ही जोडगोळी ठरलेली.

इथवर वाचून स्थितीच्या रकान्यात डोळे मिटून 'ओसाड' लिहिता आलं असतं. पण त्याच होरेसच्या, त्याच पहिल्या पत्रसंग्रहात, चारच पत्रं पुढे बघा. अंतोनिउस मूसा या वैद्यानं थंड पाण्याच्या उपचाराचं वेड लावलंय, आणि लोक डोकं-पोट झऱ्याखाली धरायला क्लूसिउम नाहीतर गाबिईला जातात. ओसाड खेड्यात प्रकृती सुधारायला कोण जातं?

पुढे इतिहासकार टॅसिटस. इ.स. ६४ च्या आगीनंतर नीरोनं हुकूम काढला की इमारतींचा ठरावीक भाग लाकूड न वापरता गाबिईच्या किंवा आल्बाच्या दगडाचा हवा, कारण तो आगीला दाद देत नाही. म्हणजे तिथल्या खाणी जोरात. उत्खननात दिसतं की दगडाच्या खाणी जुन्या वस्तीच्याच जागेत शिरल्या. गाव ओसरत गेलं आणि त्याच्या पोटातला दगड रोमला गेला, हे दोन्ही खरं.

आणि शिलालेख. इ.स. १४० मध्ये सेनापती कॉर्बुलोची मुलगी डोमितिया हिच्या स्मरणार्थ देऊळ उभं राहतं आणि गाबिईची नगरसभा त्याबद्दल रीतसर ठराव करते. इ.स. १६८ मध्ये ए. प्लुतिउस एपाफ्रोदितुस नावाचा माणूस व्हीनसचं देऊळ बांधतो, आत ब्राँझची मूर्ती बसवतो आणि उद्घाटनाला पैसे वाटतो: नगरसभेच्या सभासदांना प्रत्येकी ५ दिनारी, ऑगस्टसच्या पूजकमंडळाला ३ आणि गावकुसाच्या आत धंदा करणाऱ्या दुकानदारांना १. या गृहस्थाचा व्यवसाय दगडावर कोरलाय: रेशमाचा व्यापारी. जुव्हेनलनं गाबिईला क्षुद्र ठरवल्यावर काही दशकांनी तिथे रेशीमवाला देऊळ बांधतोय आणि दुकानदारांच्या हातावर दिनारी ठेवतोय.

कवींना खोटं पाडायचं नाही. त्यांना गाबिईची जनगणना सांगायची नव्हती. एकेकाळी रोमच्या तोडीचं असलेलं गाव आज किती लहान झालंय एवढंच त्यांना हवं होतं, आणि गाबिई रोमपासून इतकं जवळ की ऐकणाऱ्याला लगेच पटावं.

१५ जानेवारी

'स्थिती' हा रकाना गावाच्या तक्त्यातून काढून उल्लेखाच्या तक्त्यात हलवला. आता 'गाबिई: ओसाड' अशी नोंद करताच येणार नाही, 'होरेस, पत्र ११: ओसाड' आणि 'होरेस, पत्र १५: उपचाराचं ठिकाण' अशा दोन नोंदी होतील. शिलालेख हा उल्लेखाचा वेगळा प्रकार म्हणून घेतला. सहकारीचं म्हणणं, असं केलं तर नकाशावर गावाला एकच रंग देता येणार नाही. नाहीच येणार.

गाबिईपुरती आणखी एक भर. हे नाव गावाबाहेरही राहतं. टोगा विशिष्ट पद्धतीनं कमरेला आवळून बांधण्याला 'गाबिईची बांधणी' म्हणत. 'ईनीड'च्या सातव्या सर्गात युद्धाची दारं उघडणारा कॉन्सुल ती बांधून येतो. आणि शकुन बघणाऱ्या पुरोहितांच्या हिशेबात जमिनीचे पाच प्रकार होते, असं रोमन विद्वान व्हॅरो सांगतो: रोमन, गाबिईची, परकी, शत्रूची आणि अनिश्चित. सगळ्या जगाच्या पाच वाटण्या, त्यातली एक या एका गावाच्या नावाची. 'स्थळ' आणि 'नाव' यांना तक्त्यात वेगवेगळे क्रमांक देण्याचं हे पुरेसं कारण आहे.

२१ जानेवारी

सिसेरोच्या त्या मांसाच्या शेऱ्यामागे काय आहे ते नीट लावून घेतलं.

आल्बन डोंगरावर, म्हणजे आजच्या मोंते काव्होवर (उंची ९४९ मीटर), दरवर्षी ज्युपिटर लातिआरिसचा सण होत असे. पांढऱ्या बैलाचा बळी द्यायचा आणि त्याचं मांस लॅटिन गावांना वाटून द्यायचं. प्रत्येक गावाचा वाटा ठरलेला. आपल्याकडे जत्रेत मानकऱ्यांचा वाटा असतो, तसलाच हा मामला. वाटा चुकला तर मांस गेल्याचं दुःख कुणाला नसतं, मान गेल्याचं असतं. लिव्ही तीन प्रसंग देतो. इ.स.पू. १९९ मध्ये आर्देआचे वकील सिनेटमध्ये तक्रार घेऊन येतात की रिवाजाप्रमाणे आम्हाला मांस दिलं नाही. अख्खा सण पुन्हा करावा लागतो. इ.स.पू. १९० मध्ये लाउरेंतुमकरांचा वाटा राहतो, पुन्हा सण. इ.स.पू. १७६ मध्ये लानुविउमचा अधिकारी एका बळीच्या वेळी 'रोमन जनतेसाठी' हे शब्द प्रार्थनेत म्हणायला विसरतो. त्याही वेळी सगळं पहिल्यापासून.

म्हणजे गावात माणसं राहोत न राहोत, यादीत नाव असेपर्यंत वाटा निघायचा. सिसेरोचा टोला इथे बसतो: वाटा निघतो, पण न्यायला येणार कोण?

२७ जानेवारी

प्लिनीचा ज्ञानकोश 'नॅचरल हिस्टरी', तिसरं पुस्तक, परिच्छेद ६८ ते ७०. ही यादी म्हणजे लॅटियमच्या गावांचं सुतक.

आधी एके काळची नामांकित गावं: सात्रिकुम, पोमेतिआ, स्काप्तिआ, पोलितोरिउम, तेल्लेना, काएनिना, फिकाना, क्रुस्तुमेरिउम, कोर्निकुलुम, अँटेम्नाय, कोलातिआ वगैरे. मधेच 'सातुर्निआ, जिथे आता रोम आहे' असंही टाकून देतो. नंतर आल्बन डोंगरावर मांस घ्यायला येणारे समाज: अबोलानी, बोलानी, कोरिओलानी, फिदेनातेस, क्वेर्क्वेतुलानी, वेलिएन्सेस. आणि शेवटी निकाल: अशा तऱ्हेनं जुन्या लॅटियममधले ५३ समाज मागमूस न ठेवता नाहीसे झाले.

मांस घेणाऱ्यांची यादी पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली आहे: आधी 'अ'वाले, मग 'ब'वाले, मग 'क'वाले. प्लिनी गावोगाव हिंडून हे लिहीत नव्हता. कुठल्या तरी जुन्या यादीवरून नावं उतरवून घेत होता. त्यामुळे यातल्या कित्येक नावांना भूगोलात जागाच उरलेली नाही. नाव एवढंच त्यांचं अस्तित्व. काहींची जागा तर रोमच्या पोटात. वेलिएन्सेसचा संबंध अभ्यासक रोमच्या वेलिआ टेकडीशी लावतात, आणि सीलिअन टेकडीचं जुनं नाव ओकच्या झाडीवरून क्वेर्क्वेतुलानुस होतं, हे टॅसिटसनं सांगून ठेवलंय.

यादीत फिदेनातेस म्हणजे फिदेनायचे लोक दिसले आणि थांबलो. त्याच तिसऱ्या पुस्तकात, परिच्छेद १०७ मध्ये, सबाइन मुलखातल्या गावकऱ्यांची नावं देताना प्लिनीनं फिदेनातेस पुन्हा घेतलेत, आणि तिथे ते नांदते आहेत. लेखक एक, पुस्तक एक, मधे थोडीशी पानं. एकीकडे मेलेले, एकीकडे जिवंत. दोन वेगळ्या याद्या जोडल्या की हे व्हायचंच. उल्लेखाच्या तक्त्यात दोन्ही जसंच्या तसं ठेवलं. मेळ घालायचा प्रयत्न केलेला नाही.

२८ जानेवारी

फिदेनाय. सालारिआ रस्त्यावर, रोमच्या उत्तरेला पाच मैलांवर, टायबरच्या काठी. आज रोमच्याच हद्दीत, फिदेने नावाची उपनगरी वस्ती.

लिव्हीत या गावाच्या रोमशी लढाया इतक्या, की वाचताना कंटाळा येतो, इ.स.पू. ४२६ मध्ये ते कायमचं पडतं. मग होरेसचं 'ओसाड खेडं'. आणि मग इ.स. २७, सम्राट तिबेरिउसचा काळ. टॅसिटसच्या चौथ्या पुस्तकातली ६२-६३ ही दोन प्रकरणं सावकाश वाचली.

आतिलिउस नावाचा गुलामीतून मुक्त झालेला माणूस ग्लॅडिएटरांच्या खेळांसाठी फिदेनायला अँफिथिएटर बांधतो. त्याच्याकडे फार पैसा नाही, गावात नाव कमवायची हौस नाही. चार पैसे सुटावेत एवढाच हेतू. पाया घट्ट जमिनीपर्यंत नेत नाही आणि वरच्या लाकडी सांगाड्याचे सांधे पक्के करत नाही. तिबेरिउसला खेळतमाशांचा तिटकारा, त्यामुळे रोमची माणसं करमणुकीला आसुसलेली, जागाही जवळची. बाया, पुरुष, सगळ्या वयाची माणसं लोटतात. खचाखच भरलेला सांगाडा ढासळतो, काही आत, काही बाहेरच्या अंगाला, आणि भोवती उभ्या असलेल्यांनाही खाली घेतो. जे लगेच मेले ते सुटले, असं टॅसिटस म्हणतो. अर्धवट चिरडलेली माणसं दिवसा आपल्या बायकामुलांना डोळ्यांनी शोधत आणि रात्री रडण्याच्या आवाजावरून ओळखत. ढिगारा उपसायला लागल्यावर प्रेतांना कवटाळायला गर्दी, आणि चेहरा ओळखू येईना तिथे अंगलट आणि वय सारखं दिसलं की 'हा आमचा' म्हणून भांडणं.

टॅसिटसचा आकडा: जखमी आणि चिरडलेले मिळून ५०,०००. चरित्रकार सुएतोनिउस फक्त मेलेल्यांचा देतो: २०,००० वर. नंतर सिनेटचा ठराव: ज्याची मालमत्ता ४,००,००० सेस्टर्सपेक्षा कमी त्यानं ग्लॅडिएटरांचे खेळ करायचे नाहीत आणि जमिनीचा कस पाहिल्याशिवाय अँफिथिएटर बांधायचं नाही. आतिलिउस हद्दपार. रोममधल्या बड्या घरांनी दारं उघडून औषधपाणी आणि वैद्य पुरवले.

प्लिनीचा जन्म इ.स. २३-२४ चा. म्हणजे ही दुर्घटना त्याच्या बालपणी घडलेली, रोममधल्या घराघरात सांगितली गेलेली असणार. तरी यादीत फिदेनातेस 'मागमूस न ठेवता' गेलेले. जुन्या यादीचं वजन माहीत असलेल्या गोष्टीपेक्षा जास्त पडलं असणार, असा माझा अंदाज आहे.

३ फेब्रुवारी

"आपल्याकडची बंदरं या कोशात का नाहीत?" असं दोघातिघांनी विचारलंय. सोपारा आणि कल्याण ही नावं 'पेरिप्लस' या जुन्या सागरी प्रवासाच्या वर्णनात येतात, पण तो ग्रंथ ग्रीक. लॅटिनमध्ये प्लिनीच्या सहाव्या पुस्तकात हिंदुस्थानच्या सागरी वाटेवर सिगेरुस नावाचं बंदर आहे. काही अभ्यासक ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडशी जोडतात. विषय मोह पाडणारा आहे, पण तो वेगळा कोश होईल.

१० फेब्रुवारी

वेइई खरं तर लॅटियममध्ये मोडत नाही. ते एट्रुस्कन शहर. पण कवी त्याला गाबिईच्या शेजारीच बसवतात, तेव्हा अपवाद म्हणून घेतलं.

दहा वर्षांचा वेढा, आणि इ.स.पू. ३९६ मध्ये रोमन सेनापती कामिल्लुस ते घेतो. गॉल लोकांनी रोम जाळल्यावर रोमकरांनी वेइईला राहायला जायचं ठरवलं होतं. तयार घरं, चांगली जमीन. कामिल्लुसनं लांबलचक भाषण करून त्यांना थोपवलं, असं लिव्ही पाचव्या पुस्तकात रंगवतो. प्रॉपर्शिअसच्या चौथ्या पुस्तकात वेइईवर एक विलाप आहे: तुझ्याही चौकात एकदा सोन्याचं आसन होतं; आता तटाच्या आत सुस्त गुराख्याचं शिंग वाजतं आणि तुझ्या हाडांवर पीक कापतात.

इ.स. २६ चा एक शिलालेख मात्र वेगळंच सांगतो. वेइईची नगरसभा, ऑगस्टसचं नाव लावणारी, भरलेली आहे आणि ऑगस्टसच्या एका मुक्त गुलामाला, गाइउस युलिउस गेलोसला, मान देते: पूजकमंडळात जागा, नगरसभेच्या मेजवानीत पान, करांतून सूट. पण सभा भरली कुठे? रोममध्ये, व्हीनस जेनेत्रिक्सच्या देवळात. गावाचे कारभारी रोममध्ये बसून गावाचा कारभार बघतात. याला माझ्या चार पर्यायांपैकी कोणताच बसत नाही. पाचवा वाढवला: 'कागदोपत्री'. मुंबईत मंडळ काढून कोकणातल्या गावाचे ठराव करणाऱ्यांना हा पर्याय समजावून सांगावा लागणार नाही.

वेइईचा सगळ्यात खट्याळ उल्लेख सुएतोनिउसच्या नीरोचरित्रात. नीरोचा सोन्याचा महाल शहर गिळत चाललाय, तेव्हा भिंतीवर कुणीतरी दोन ओळी खरडल्या: रोमचं आता एक घर होतंय, रोमकरांनो, वेइईला चला, तेवढ्यात हे घर वेइईपर्यंत पोचलं नाही तर. लिव्हीतला तो जुना गंभीर वाद इथे टवाळीला कामाला आला.

१६ फेब्रुवारी

नकाशा. आधार बॅरिंग्टन अॅटलास (२०००) आणि त्यावर उभा असलेला प्लायाडीस हा खुला स्थळकोश; प्रत्येक नोंदीला त्याचा क्रमांक जोडतोय.

काही जागा पक्क्या. नोमेंटुम म्हणजे मेंताना. तिथे कवी मार्शलचं लहानसं शेत होतं, आणि प्लिनी सांगतो की रेम्मिउस पालाएमोन या व्याकरणकारानं तिथला द्राक्षमळा ६,००,००० सेस्टर्सना घेऊन चौपट किमतीला सेनेकाला विकला. व्हर्जिलच्या 'बिननावाच्या जमिनी'तल्या पहिल्या गावाची ही तब्येत. अँटेम्नाय, व्हर्जिलचं 'बुरुजांचं अँटेम्नाय', आज रोममधली मोंते अँतेन्ने टेकडी. पायथ्याजवळ रोमची मोठी मशीद, १९९५ ची. क्रुस्तुमेरिउम १९७० च्या दशकात शेतातल्या पाहणीत सापडलं. कोरा म्हणजे कोरी.

बोला नक्की कुठे, यावर एकमत नाही. प्लिनीच्या यादीतली निम्मी तशीच. अशांना ठिपका द्यायचा नाही, असं ठरलं. ठिपका दिला की वाचक पत्ता समजतो. जागा अंदाजे माहीत असेल तर फिकट पट्टा, अजिबात नसेल तर नकाशाच्या कडेला नुसती नावांची रांग.

२२ फेब्रुवारी

उलुब्राय. रोमच्या दक्षिणेकडच्या पाँप्टाइन दलदलीच्या कडेचं गाव. चिस्तेर्नाच्या आसपास धरतात, म्हणून फिकट पट्टा.

लॅटिन साहित्यात या गावाचा उपयोग एकच: याहून टुकार जागा नाही. होरेस म्हणतो, सुखासाठी समुद्र ओलांडायला नको, मन ठिकाणावर असेल तर ते उलुब्रायमध्येही मिळतं. जुव्हेनल दहाव्या उपहासिकेत विचारतो: तिबेरिउसचा उजवा हात सेजानुस याच्यासारखी झगझगीत वस्त्रं घालून शेवटी आकड्यानं ओढत नेलं जाणं बरं, की फिदेनाय-गाबिईचा हाकिम होऊन मापं तपासणं आणि रिकाम्या उलुब्रायमध्ये फाटक्या कपड्यांतला एदिल होऊन कमी मापाची भांडी फोडणं? एदिल म्हणजे बाजार आणि वजनं-मापं बघणारा अधिकारी. गाव रिकामं आहे म्हणतो आणि तिथे मापात मारणारे दुकानदारही आहेत. दुकानदार आहेत म्हणजे गिऱ्हाईकही आहे.

सिसेरोचा उल्लेख सगळ्यात गोड. त्याचा तरुण मित्र त्रेबातिउस हा वकील उलुब्रायचा आश्रयदाता होता आणि तेव्हा सीझरबरोबर गॉलमध्ये होता. इ.स.पू. ५३ मध्ये सिसेरो दलदलीजवळ मुक्कामाला असताना त्याला लिहितो की तुझ्या आश्रितांचा आवाज ऐकू आला. उलुब्रायमध्ये माझ्या सन्मानार्थ बेडकांची मोठी फौज उठली होती. 'उल्लेखाचा सूर' असा रकाना अजून नाही, पण हवाच. ही थट्टा होरेसच्या ओसाड खेड्यासारखी तुच्छ नाही; गाव ओळखीचं आहे म्हणून केलेली आहे.

२ मार्च

कोरा उरलं होतं. कवी लुकानच्या महाकाव्याच्या सातव्या सर्गात (३९१ पासून) सीझर आणि पाँपे यांच्यातल्या फार्सालसच्या लढाईच्या परिणामांचं भाकीत आहे: सगळं लॅटिन नाव दंतकथा होईल; गाबिई, वेइई आणि कोरा यांच्या जागा धुळीत झाकलेले अवशेषसुद्धा धड दाखवू शकणार नाहीत. गाबिई आणि वेइईचं समजू शकतो. पण कोरा तेव्हाही वसलेलं होतं आणि आजही आहे. गावाच्या माथ्यावर हर्क्युलसच्या देवळाचे खांब उभे आहेत. मग ते धुळीत का गेलं? व्हर्जिलची ओळ 'बोलामक्वे कोरामक्वे'नं संपते, लुकानची 'वेइओसक्वे कोरामक्वे'नं. ओळीच्या त्याच टोकाला, त्याच रूपात. लुकानला कोरा गावातून मिळालं नाही, व्हर्जिलच्या ओळीतून मिळालं, असं मी मानतो. तेव्हा 'उल्लेख कुठून आला' हाही रकाना घेतला. जिथे दाखवता येईल तिथेच भरायचा.

आर्देआची नोंदही आज पुरी केली. 'ईनीड' ७, ओळ ४११ पासून: आर्देआ हे थोर नाव अजून आहे, पण भाग्य होऊन गेलं. इ.स.पू. १९९ मध्ये मांसाच्या वाट्यासाठी सिनेटपर्यंत गेलेलं गाव ते हेच.

पहिल्या आठांपैकी पोमेतिई आणि कास्त्रुम इनुईच्या नोंदी अजून कच्च्या आहेत. सहकारीनं नकाशातला गावांचा रंग काढून टाकलाय. ठिपक्यावर टिचकी मारली की उल्लेख काळाच्या क्रमानं उलगडतात, प्रत्येकापुढे लेखकाचं नाव. पुढची खेप लिव्हीची, पहिली दहा पुस्तकं. त्यात 'फिदेनाय' किती वेळा येतं ते शोधून पाहिलं आणि चहा करायला उठलो.